प्रकाशाला हात न लावणारी फिल्म

दुचाकीचे डिजिटल मीटर वर्षानुवर्षे उन्हात राहिले की काळपट पडते, मधोमध डाग धरते आणि आकडे वाचता येईनासे होतात. बेळगावच्या मच्छे आणि उद्यमबाग भागातल्या कारखान्यांबाहेर पाळी सुटेपर्यंत तापत उभ्या असलेल्या गाड्यांचे हे नेहमीचे दुखणे. दुरुस्ती करणारा मीटर खोलतो, ब्लेडची धार कडेखाली घालून जळलेली फिल्म सोलतो, काचेवर राहिलेला गम थिनरने पुसतो आणि नवी पोलरायझर शीट घेतो. कापण्याआधी तो ती शीट काचेवर धरून फिरवून बघतो. एका बाजूने धरली तर करड्या पाठीवर काळे आकडे दिसतात. काटकोनात फिरवली की पाठ काळी होते आणि आकडे उजळतात. एवढी खात्री झाली की तो कात्री चालवतो. त्या सोललेल्या, कचऱ्यात जाणाऱ्या कपचीविषयी मला लिहायचे आहे, कारण एखाद्या चांगल्या कवितेइतकेच बारकाईने वाचावे असे तिच्यात पुष्कळ आहे.

ही शीट एका थराची नसून अनेक थरांची असते. मधला थर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा. तो आयोडीनमध्ये रंगवून पाच-सहा पट ताणलेला असतो. ताणल्यामुळे त्याचे लांब रेणू एका दिशेने येतात, आयोडीनच्या साखळ्याही त्यांच्या रांगेत बसतात आणि त्या दिशेने कंप पावणारा प्रकाश गिळून टाकतात. उरतो तो आडव्या दिशेचा. अमेरिकेच्या एडविन लँडने १९३८ मध्ये शोधलेली ही युक्ती आजही बहुतेक पडद्यांत तशीच चालते. त्याआधीची त्याची फिल्म वेगळी होती : १८५२ मध्ये ब्रिस्टलच्या हेरापाथने वर्णन केलेले क्विनाइन आणि आयोडीनचे सुईसारखे स्फटिक त्याने नायट्रोसेल्युलोजमध्ये मिसळून एका दिशेने लावले होते. म्हणजे पोलरायझर शीटच्या जन्मापासून सेल्युलोज तिच्या सोबतीला आहे.

शोधाचे श्रेय मधल्या थराला मिळते, आणि ते रास्तही आहे. पण तो थर एकटा जगत नाही. ताणलेली पॉलिव्हिनाइलची पट्टी ताणाच्या दिशेने सहज चिरते, उष्णतेने आकसते, ओलाव्याने ढिली पडते. म्हणून तिला दोन्ही बाजूंनी सेल्युलोज ट्रायअॅसिटेटच्या फिल्मचा आधार देतात. माझ्या दृष्टीने या रचनेतले खरे सौंदर्य या आधारातच आहे.

त्याची सुरुवात कापसापासून होते. सौंदत्ती-बैलहोंगलच्या काळ्या रानातला कापूस जिनिंगला गेला की रुई वेगळी निघते आणि सरकी उरते. त्या सरकीला आखूड तंतूंची बारीक लव चिकटून राहते. गिरणीच्या भाषेत लिंटर. सूत कातायला ती उपयोगाची नाही, पण धुऊन-शिजवून साफ केली की जवळजवळ शुद्ध सेल्युलोज हाती येते. लाकडाच्या उत्तम लगद्यातूनही ते मिळवतात. सेल्युलोजच्या साखळीत ग्लुकोजच्या प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. अॅसेटिक अॅनहायड्राइडची प्रक्रिया करून हे तिन्ही गट जवळजवळ पूर्णपणे झाकले की ट्रायअॅसिटेट तयार होते. ते मिथिलीन क्लोराइड आणि थोड्या मिथेनॉलमध्ये विरघळवायचे, मधासारखे दाट द्रावण गाळून घ्यायचे आणि आरशासारख्या चकचकीत पोलादी पट्ट्यावर ओतायचे. पट्टा फिरत राहतो, द्रावक उडून जातो, मागे राहिलेली फिल्म सोलून गुंडाळतात. फार ओढाताण करायची नाही, हे या कामातले पथ्य. ओढले की रेणू रांगेत येतात, आणि नेमके तेच इथे नको असते.

का नको, हे घरीही बघता येते. संगणकाच्या एलसीडी पडद्यावर पांढरे पान उघडा आणि पोलराइज्ड गॉगलची काच त्याच्यासमोर फिरवा. एका जागी पान पूर्ण काळे होईल. आता त्या दोहोंच्या मध्ये खऱ्या सेलोफेनचा तुकडा धरा. अंधारात एकदम उजेड येतो, घडी घातली तर निळा-पिवळा रंगही चमकतो. सेलोफेन हेही सेल्युलोजच, पण यंत्रात ओढले गेलेले, त्यामुळे ते प्रकाशाची कंपनदिशा बदलते. मग जुन्या अल्बमच्या पाकिटातून लग्नाच्या फोटोंची निगेटिव्ह काढा आणि तिच्या कडेचा कोरा भाग तिथेच धरा. काळे ते काळेच राहील. त्या निगेटिव्हचा पाया ट्रायअॅसिटेटचाच असतो. प्रकाश ज्या दिशेने कंप पावत आला त्याच दिशेने तो तिच्यातून जातो. मधल्या थराने जे निवडून दिले, ते न बिघडवता पुढे पोचवणे एवढेच या फिल्मचे काम, आणि ते करण्यासाठी तिला जवळजवळ काहीच न करण्याची शिस्त पाळावी लागते. कॅमेऱ्याचे रोल विकणाऱ्या फुजी आणि कोनिका या जपानी कंपन्याच पुढे एलसीडीच्या फिल्ममध्ये आघाडीवर राहिल्या, यात मला योगायोग दिसत नाही. कोऱ्या, निष्कलंक पायाची कला त्यांच्या हातात आधीपासून बसलेली होती.

या फिल्मचा दुसरा गुण म्हणजे ती पाण्याची वाफ जाऊ देते. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तिचा पृष्ठभाग पाणी धरण्याजोगा करून, पाण्यात कालवलेल्या डिंकाने ती पॉलिव्हिनाइलला चिकटवतात. हे पाणी नंतर बाहेर पडावे लागते, आणि ट्रायअॅसिटेट त्याला वाट देते. ज्या वाटेने पाणी बाहेर जाते त्याच वाटेने दमट हवा आत येते, हेही खरे. बेळगावच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या जुन्या निगेटिव्हला व्हिनेगरचा वास येतो तो याच रसायनाचा : ओलावा आणि उष्णतेने अॅसिटेट गट सुटतात, त्यांचे अॅसेटिक आम्ल होते आणि ते आम्ल बिघाड आणखी वाढवते. चित्रपट जतन करणाऱ्या संग्रहालयांना जगभर या रोगाने ग्रासले आहे; जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यांनाही तो होतो. तरीही हा दोष मी ट्रायअॅसिटेटच्या विरुद्ध मोठा मानत नाही. चित्रपटाच्या रिळांसाठी त्याच्याआधी वापरले जाणारे सेल्युलोज नायट्रेट पेट घेत असे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या जुन्या रिळांचा साठा जळाला, हे मराठी सिनेरसिक विसरलेले नाहीत.

निगेटिव्हचा तो तुकडा आता थोडा तिरका करा. काळोखात पुसटसा उजेड झिरपतो. सरळ जाणाऱ्या प्रकाशाला अस्पर्श ठेवणारी फिल्म तिरप्या प्रकाशाला थोडी नडते. पडद्यातले द्रव-स्फटिक तर त्याहून जास्त नडतात : विद्युतदाब दिल्यावर त्यांचे कांडीसारखे रेणू उभे राहतात, पण काचेलगतचे अर्धवट कललेलेच राहतात. जुन्या लॅपटॉपकडे खालून पाहिले की चेहरे निगेटिव्हसारखे दिसत, ते यामुळे. या दुखण्यावरचे औषध ज्या शोधातून निघाले तो आपल्याच कर्नाटकातला. १९७७ मध्ये बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी दाखवून दिले की द्रव-स्फटिक होण्यासाठी रेणू कांडीसारखाच असावा लागत नाही. बेंझिनच्या कड्याला सहा बाजूंनी सहा शेपट्या लावलेले चकतीसारखे रेणू एकावर एक रचून खांब करतात, आणि ते खांब षट्कोनी मांडणीत उभे राहतात. पुढे इतरांनी चकत्यांचे आणखी प्रकार शोधले. १९९६ मध्ये फुजीने ट्रायफेनिलीनच्या चकत्यांचा पातळ थर ट्रायअॅसिटेटच्या फिल्मवर चढवला, तळाशी जवळजवळ आडवा आणि वर जाताना कलत जाणारा, आणि अतिनील प्रकाशाने तो तसाच गोठवला. कांडी जे बिघडवते ते चकती उलट बाजूने भरून काढते. पडदा बाजूनेही नीट दिसू लागला.

आता अॅक्रिलिक आणि पॉलिएस्टरच्या, ओलावा कमी शोषणाऱ्या फिल्म ट्रायअॅसिटेटची जागा घेत आहेत. त्यांचे गुण मला मान्य आहेत. पण सरकीच्या लवेतून इतकी निर्मळ पारदर्शकता काढणे ही सेल्युलोजच्या रसायनातली सर्वांत देखणी कामगिरी आहे, असेच माझे मत आहे.

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचा ‘ज्ञानसंगम’ परिसर मच्छेतच आहे. तिथे येणाऱ्या मुलामुलींनी एकदा तरी निगेटिव्ह आणि सेलोफेनचा हा प्रयोग स्वतः करून पाहावा. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांचा मूळ लेख ‘प्रमाण’ या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात नोव्हेंबर १९७७ मध्ये आला. तो दहा पानांचा आहे आणि अकादमीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. जरूर वाचा.