चेहरा जमला, कोट अडला

सिनेमातल्या पात्राची अ‍ॅक्शन फिगर बाजारात आली की तिचा निकाल लागतो तो चेहऱ्यावरून. नट ओळखू येतो की नाही एवढे पाहिले की परीक्षण संपले, असे संग्राहक धरून चालतात आणि या विषयावर लिहिणारेही. एके काळी ही कसोटी रास्त होती. केनर या अमेरिकन कंपनीने 1978 साली ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या 12 फिगर काढल्या, तेव्हा धिप्पाड नसलेल्या पात्राच्या वाट्याला जेमतेम पावणेचार इंच येत आणि सांधे पाच: मान, दोन खांदे, दोन मांड्या. चेहऱ्याला नखाएवढी जागा आणि रंगाचे चार ठिपके. हॅरिसन फोर्डचा हान सोलो तर लहान आणि मोठ्या अशा दोन डोक्यांत विकला गेला आणि दोन्हींतले एकही फोर्डसारखे दिसत नाही. त्याआधी 1964मध्ये हॅस्ब्रोने काढलेल्या जी. आय. जो या फूटभर उंचीच्या सैनिकाचा चेहरा कुणा एकाचा नव्हताच. नक्कल पकडता यावी म्हणून त्याच्या गालावर एक व्रण तेवढा दिला होता. चेहरा साधणे हेच जिथे अवघड होते तिथे चेहऱ्यावरून पारख होणे साहजिक. ती अडचण आता जवळपास मिटली, कसोटी मात्र बदललेली नाही. या कलेचा खरा कस आज पात्राच्या कपड्यांत लागतो आणि तिथे ती चेहऱ्याच्या मानाने बरीच मागे आहे, असे माझे मत आहे.

चेहऱ्याचा प्रश्न सोडवण्यात सर्वांत मोठा वाटा हाँगकाँगच्या हॉट टॉईजचा. हॉवर्ड चॅन यांनी 2000 साली सुरू केलेली ही कंपनी माणसाच्या एक षष्ठांश, म्हणजे साधारण 30 सेंटिमीटर उंचीच्या फिगर करते. आर्नी किम, युली यांसारख्या कोरियन शिल्पकारांनी तिच्यासाठी घडवलेली डोकी आणि जे. सी. हाँग यांच्या देखरेखीखालचे रंगकाम यांनी या क्षेत्राची पातळीच बदलून टाकली. त्वचेचा रंग एका हातात न फासता पातळ थरांनी चढवायचा, नाकपुडीशी किंचित लाली, डोळ्याखाली निळसर झाक, ओठांवर कोरडेपणा. ‘द डार्क नाइट’मधल्या जोकरला तर कवटीच्या आतून फिरवता येणारे डोळे दिले गेले, आणि नजर जराशी वळवली की त्याच चेहऱ्याची मनःस्थिती पालटते. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच का सोपवतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातले कौशल्य समजावून सांगावे लागणार नाही. पण 2018च्या सुमारास हॅस्ब्रोने सहा इंची, तुलनेने स्वस्त फिगरवरही नटाचा चेहरा सूक्ष्म ठिपक्यांनी छापायला सुरुवात केली. जपानी कंपन्यांनीही छपाईच पत्करली. नटाचे डोके स्कॅन करायचे, चेहरा छापायचा, आणि दुकानात टांगलेल्या वेष्टनातूनही नट पटकन ओळखू येतो. जे यंत्राने सर्वांना मिळते त्यावरून कलावंताची उंची मोजण्यात फारसा अर्थ उरत नाही.

त्यात कायद्याची एक गाठ आहे. ‘चीअर्स’ या अमेरिकन मालिकेतल्या दोन पात्रांशी साम्य असलेले यांत्रिक पुतळे विमानतळांवरच्या बारमध्ये बसवले गेले. मालिकेचे हक्क रीतसर घेतलेले होते, तरी जॉर्ज वेंट आणि जॉन रॅट्झेनबर्गर हे नट कोर्टात गेले. पात्र स्टुडिओचे असले तरी चेहऱ्यावरचा हक्क नटाचा राहतो, या भूमिकेला 1997मध्ये अपील कोर्टाने बळ दिले. फिगर करणाऱ्याला म्हणूनच बहुधा दोन्हीकडची मान्यता लागते, आणि दोन्हीकडे चालेल असा चेहरा शेवटी ओळखपत्रावरच्या फोटोसारखा निघतो: ओठ मिटलेले, कपाळ सपाट, नजर समोर. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी धावत असताना हा भावहीन चेहरा पात्राच्या अंगावर क्वचितच असतो. साम्य शंभर टक्के आणि पात्र गायब, अशी ही विचित्र स्थिती आहे.

आता कोटाकडे वळू. ‘द डार्क नाइट’मधल्या जोकरची वेशभूषा लिंडी हेमिंग यांची: लांब जांभळा कोट, हिरवा वेस्टकोट, षटकोनी नक्षीचा शर्ट, टाय. अंगावरचे हे कपडे या माणसाने कित्येक दिवसांत बदलले नसावेत असे वाटायला लावणारा मळकटपणा, हा त्या वेशाचा जीव. तो 30 सेंटिमीटरवर आणायचा तर काय होते? लांबी सहापट घटते, पण कापडाची जाडी घटत नाही. मूळचे लोकरी कापड वापरले तर त्याचा लहानसा तुकडा पुठ्ठ्यासारखा ताठ राहतो, कारण वाकण्यासाठी त्याला स्वतःचे पुरेसे वजनच नसते. कॉलरच्या टोकाशी कापड, अस्तर आणि आत वळवलेली माया एकावर एक येतात आणि तिथे गाठ तयार होते. दीड सेंटिमीटरचे बटण अडीच मिलिमीटरचे होते. त्याला काज करणे जवळपास अशक्य, म्हणून बटण वरच्या पदरावर नुसते टाचतात आणि आत चिकटपट्टी किंवा टिचबटण दडवतात. षटकोनी नक्षी तंतोतंत सहापट लहान करावी तर छपाईची रेघ कापडाच्या विणीत हरवते, मोठी ठेवावी तर शर्ट पायजम्याच्या कापडाचा वाटतो. इथे नक्कल करून भागत नाही, निवड करावी लागते. मूळ कापडाऐवजी पातळ, सुळसुळीत कापड घ्यायचे आणि ते जाड लोकरीसारखे पडेल असे शिवायचे, हे काम ज्याला जमते तो शिंपी माझ्या लेखी शिल्पकाराच्या तोडीचा.

बहुतेक कारागीर मात्र उलट्या वाटेने जातात: जेवढे बारकावे तेवढे खरे, या समजुतीने. साधा हिशेब करून पाहा. कपाटातली ही फिगर आपण साधारण अर्ध्या मीटरवरून पाहतो. एक षष्ठांश प्रमाणात ते अंतर म्हणजे तीन मीटरवर उभा असलेला माणूस. तीन मीटरवरून सुटाची वीण दिसत नाही, खिशाच्या कडेची टीप जेमतेम दिसते. दिसतो तो कोटाचा घेर, खांद्याची रेषा, कोपराला पडलेल्या चुण्या, पायघोळ कापड बुटावर कसे बसते ते. जाहिरातीतल्या फोटोंत कॅमेरा बोटभर अंतरावर आणलेला असतो, म्हणून ठसठशीत शिवण आणि खडबडीत पोत यांची वाहवा होते. तीच फिगर घरी मांडली की जाड्याभरड्या कपड्यांत गुरफटलेला बुटका इसम दिसू लागतो. कोटाच्या आणि केपच्या कडेत तार घालण्याची युक्ती आता सर्रास झाली आहे. वाऱ्यावर उडणारा झोक तिने मिळतो, पण ताठ उभ्या असलेल्या बॅटमनची केपही मग कुणीतरी मुरडून ठेवल्यासारखी वाटते.

यावर कुणी म्हणेल की कपडे प्लास्टिकमध्येच कोरले तर हा सगळा घोळच मिटतो. सहा इंची फिगरमध्ये तसेच करतात. त्यात तथ्य आहे. घडवणारा प्रत्येक चुणी आपल्या मनाप्रमाणे ठरवतो, प्रमाणही चुकत नाही. पण त्या चुण्या एकाच पवित्र्यासाठी खऱ्या असतात. हात वर केला की काखेतले कापड ताणले जायला हवे, ते जागचे हलत नाही, आणि अ‍ॅक्शन हा शब्द निव्वळ पाकिटापुरता राहतो. केनरलाही हे उमगले असावे. त्यांच्या ‘स्टार वॉर्स’मधल्या जावा या बुटक्या पात्राला आधी पातळ व्हिनाइलचा झगा होता. बाकीच्यांच्याच किमतीत मिळणारी ती चिमुकली फिगर त्यात फारच हलकी वाटे, म्हणून कंपनीने लवकरच कापडी झगा दिला. तो टाकून दिलेला व्हिनाइलचा झगा दुर्मीळ झाल्यामुळे आज अव्वाच्या सव्वा किमतीला जातो आणि त्याच्या बनावट प्रतीही निघतात. बाजाराच्या न्यायाला कलेशी देणेघेणे नसते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला सुचत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: परवाना घेऊन कारखान्यात हजारोंनी निघणाऱ्या वस्तूला कला कशाला म्हणायचे? हेमिंग यांनी कोट बेतला तोही स्टुडिओच्या पैशाने आणि मागणीनुसारच. विक्रीसाठी केले म्हणून काम कलेतून बाद होत नाही. बाद होते ते निवडीला वावच नसेल तेव्हा. चेहऱ्याच्या बाबतीत तो वाव झपाट्याने आक्रसत आहे, हे मी वर म्हटलेच. स्कॅन झाल्यावरही शिल्पकाराचे काम उरते, हे मान्य. जोकरचा ओठ कुठल्या क्षणी कसा मुडपलेला दाखवायचा हे यंत्र ठरवत नाही, आणि असा एखादा क्षण पकडणारी डोकी आजही ओळखू येतात. पण ती थोडी आहेत. ग्राहकाला साम्यच हवे असते, या युक्तिवादात तर मला फारसा दम दिसत नाही. अडीचशे-तीनशे डॉलर मोजून घेतलेल्या फिगरचा मूळ सूट उतरवून चीनमधल्या छोट्या कारागिरांकडचा वेगळा शिवलेला सूट चढवणारे संग्राहक कमी नाहीत. चेहरा ठेवून कपडे बदलणारा हा ग्राहक समीक्षकांच्या पुढे गेलेला आहे.

केसांबाबत हीच चर्चा नव्याने सुरू झाली आहे. क्वीन स्टुडिओजच्या इनआर्ट या मालिकेने जोकर दोन प्रकारांत आणला: एकात कोरलेले केस, दुसऱ्यात एकेक करून रोवलेले. रोवलेले महाग, आणि म्हणून श्रेष्ठ मानले गेले. मेहनत वादातीत आहे. पण तंतू कितीही बारीक घेतला तरी एक षष्ठांश बारीक मिळत नाही, आणि डोके किंचित झुबकेदार होतेच. विंचरून, चिकटवून ते बसवावे लागते, म्हणजे फिरून कोरीव केसच.

कापडावर भर द्यायचा तर एका दोषाबद्दल उत्पादकांना जाब विचारायलाच हवा. चामड्याच्या कोटांसाठी आणि जॅकेटांसाठी सर्रास पॉलियुरेथेनचे रेक्झिन वापरले जाते. हवेतल्या ओलाव्याने त्याचा वरचा थर कालांतराने फुटतो, पापुद्रे सुटतात, आणि उष्ण-दमट हवेत हे अधिक वेगाने घडते. मुंबईत किंवा कोकणात फिगर ठेवणाऱ्याला बंद कपाट आणि सिलिका जेलच्या पुड्या यांच्यावाचून गत्यंतर नाही. आतल्या प्लास्टिकच्या डोक्याला वर्षानुवर्षे काही होत नाही, अंगावरचा कोट मात्र काही वर्षांत सोलवटतो. पातळ तासलेले खरे कातडे वापरता येते, काही लहान कारागीर ते वापरतातही. खर्च वाढतो, पण तीनशे डॉलरच्या वस्तूत तो बसत नाही असे म्हणणे पटणारे नाही. फिरत्या डोळ्यांवर जेवढे संशोधन झाले त्याच्या निम्मे जरी सहाव्या हिश्शाच्या कातड्यावर आणि लोकरीवर झाले असते, तरी ही तक्रार करण्याची वेळ आली नसती.