शेपूट, शिंगे आणि पायावरची ग्रंथी : श्वेतपुच्छ, म्यूल व संकरज हरणांच्या ओळखलेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

एखाद्या प्राण्याची ओळख पटविण्यासाठी लिहिलेला मजकूर हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कविता वा कादंबरी यांप्रमाणे तो रसनिष्पत्तीसाठी लिहिलेला नसतो. तथापि, तोही एक मजकूरच असतो. त्यात निवड असते, वगळणूक असते, आणि लिहिणाऱ्याच्या इच्छेची छाया असते. उत्तर अमेरिकेत शिकाऱ्यांसाठी श्वेतपुच्छ हरिण, म्यूल हरिण (खेचर-हरिण) आणि त्यांची संकरज संतती यांमधील भेद सांगणारे लेखन सुमारे दोनशे वर्षे होत आले आहे. त्या लेखनाने कोणत्या खुणा पुढे आणल्या, कोणत्या मागे टाकल्या आणि का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर हरणाची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे ‘गोळी झाडण्यापूर्वी जात ओळखा’ हा आदेश मराठी वाचकाला परकाच वाटेल. परंतु अमेरिकेच्या व कॅनडाच्या पश्चिम भागात तो रोजच्या व्यवहारातला आहे. तेथे शिकारीचा परवाना पुष्कळदा जातिनिहाय दिला जातो. उदाहरणार्थ, वायोमिंग राज्यात हरणाच्या परवान्याचा एक प्रकार केवळ श्वेतपुच्छ हरणापुरता असतो. तो परवाना खिशात ठेवून म्यूल हरिण मारले तर तो कायदेभंग ठरतो. चूक प्रामाणिक होती हे सांगून मेलेले जनावर जिवंत होत नाही. परवान्यावर नावे दोन. निसर्गात मात्र, क्वचित का होईना, तिसरा प्राणी असतो.

पहिले वर्णन आणि त्यातील मौन

म्यूल हरणाच्या इंग्रजी वर्णनाचा आरंभ लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेपासून धरला जातो. १७ सप्टेंबर १८०४ रोजी, आजच्या साउथ डकोटात, मोहिमेतील जॉन कोल्टर याने एक वेगळेच हरिण मारले. विल्यम क्लार्क याने आपल्या दैनंदिनीत त्याची नोंद केली. रंग नेहमीच्या हरणाहून गडद करडा, कान मोठे व लांब, डोळ्याखाली एल्कसारखी लहानशी खाच, शेपूट गोल व टोकाला काळ्या केसांचा झुबका, आणि उड्या शेळी-मेंढीसारख्या, असा तिचा आशय आहे. लुइसने १० मे १८०५ रोजी, आजच्या मोंटानात, याहून विस्तृत तुलना लिहिली. एका मोठ्या नराचे कान मोजून ते अकरा इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद भरल्याचे त्याने नोंदवले. घोड्याच्या तुलनेत खेचराचे कान-शेपूट जसे, तसेच नेहमीच्या हरणाच्या तुलनेत या हरणाचे. म्हणून ‘म्यूल’ हे नाव. शास्त्रीय नावातील ‘हेमिओनस’ म्हणजे अर्धे गाढव, अर्थात खेचरच.

क्लार्कच्या नोंदीत एक गोष्ट नाही, ती म्हणजे शिंगे. डोळ्याखालची खाच आहे, चाल आहे, शेपूट आहे, कान आहेत. आजचा प्राणिशास्त्रज्ञ ज्या खुणांना वजन देतो त्यांतील दोन, म्हणजे अश्रुखाच आणि उडीची तऱ्हा, या नोंदीत आल्या आहेत. क्लार्क काही निसर्गशास्त्रज्ञ नव्हता. त्याला कोणालाही काही सिद्ध करून दाखवायचे नव्हते, आणि हरणाचे डोके भिंतीवर टांगायचे नव्हते. जे दिसले ते त्याने लिहिले. पुढच्या लेखनाची घसरण मोजायची तर माप येथे घ्यावे लागते.

शास्त्रीय नामकरणाची कथा याच्या अगदी उलट आहे. श्वेतपुच्छ हरणाला झिमरमान याने १७८० मध्ये नाव दिले होते. म्यूल हरणाचे नामकरण राफिनेस्क याने १८१७ मध्ये केले, ते प्राणी पाहून नव्हे तर १८१२ मध्ये छापून आलेल्या चार्ल्स ल रे नामक गृहस्थाच्या कथित दैनंदिनीवरून. ती दैनंदिनी बनावट असल्याचे इतिहास-अभ्यासक आज मानतात. म्हणजे ज्या जातीची अचूक ओळख पटविणे शिकाऱ्याला बंधनकारक आहे, त्या जातीचे अधिकृत नाव एका खोट्या पुस्तकावर उभे आहे! नावाची वैधता यामुळे ढळत नाही, नामकरणाचे नियम तसे आहेत. पण ओळखीचे लेखन प्राण्यापेक्षा आधीच्या मजकुरावर विसंबते, ही त्याची जुनी खोड येथे उघड दिसते.

शिंगांचे राज्य

आजच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत प्रथम दोन नरांची डोकी शेजारी शेजारी काढलेली आढळतात. एकाच्या शिंगाचा मुख्य दांडा पुढे वळलेला आणि त्यावरून फाटे सरळ वर गेलेले, हा श्वेतपुच्छ. दुसऱ्याच्या शिंगाला दुबेळके फुटलेले आणि त्या दुबेळक्याला पुन्हा दुबेळके, हा म्यूल. चित्र देखणे असते आणि लक्षातही राहते. प्रश्न असा की ते कितपत खरे असते?

माद्यांना शिंगे नसतात, आणि परवाने माद्यांचेही असतात. कोवळ्या म्यूल नराच्या शिंगाला एखादेच दुबेळके असते वा तेही नसते. श्वेतपुच्छ नरांत दुबेळके फुटलेली शिंगे अधूनमधून आढळतात. शिंगे दरवर्षी गळतात व नव्याने उगवतात. वय, आहार आणि इजा यांचा त्यांच्या घडणीवर परिणाम होतो. इतक्या चंचल अवयवाला ओळखीच्या केंद्रस्थानी बसविण्याचे कारण शास्त्रात सापडत नाही. ते शिकाऱ्याच्या नजरेत सापडते. शिकारी शिंगेच पाहत असतो, म्हणून मार्गदर्शिका शिंगांपासून सुरू होते.

या नजरेला संस्थात्मक रूप बून अँड क्रॉकेट क्लबने दिले. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या या क्लबचे वन्यजीव संवर्धनातील कार्य मोठे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच्या गुणांकन-पद्धतीने जातीच्या प्रश्नाला स्पर्धेचे वळण दिले. सर्वकालीन नोंदवहीत समाविष्ट होण्यासाठी नियमित घडणीच्या शिंगांना किमान गुण लागतात ते म्यूल हरणासाठी १९०, श्वेतपुच्छासाठी १७० आणि नैर्ऋत्येकडील लहान चणीच्या कूझ श्वेतपुच्छासाठी अवघे ११०. या आकड्यांतच मोह दडलेला आहे. म्यूल रक्ताचा अंश असलेल्या हरणाचे डोके कूझ गटात दाखल झाले तर सामान्य आकारही विक्रमी ठरेल. जात कोणती हा प्रश्न मग प्राण्याविषयीचा राहत नाही, मालकाच्या प्रतिष्ठेचा होतो.

शेपटीविषयीचा विश्वास

शेपूट ही शिंगांपेक्षा प्रामाणिक खूण आहे. श्वेतपुच्छाची शेपूट रुंद, वरून तपकिरी, कडा व खालची बाजू पांढरी; पळताना ती निशाणासारखी उभारली जाते. म्यूल हरणाची शेपूट दोरीसारखी बारीक, पांढरी, टोकाला काळी. तिच्याभोवती पुठ्ठ्याचा पांढरा पट्टा नेहमीच दिसतो.

मराठी वाचकाला ही उभारलेली शेपूट अनोळखी नाही. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८ च्या ‘द यर्लिंग’ या कादंबरीतील पाडसाचे नावच ‘फ्लॅग’, म्हणजे निशाण, असे आहे, आणि ते त्याच्या शेपटीवरून पडले आहे. राम पटवर्धन यांच्या ‘पाडस’ या अनुवादाने ते हरिण मराठीच्या घरचे झाले. ते फ्लॉरिडातील श्वेतपुच्छ होय. फ्लॉरिडात म्यूल हरिण नाहीच. त्यामुळे तेथे शेपटीला काही सिद्ध करावे लागत नाही, ती नुसते नाव होऊ शकते. मोंटानात वा पश्चिम टेक्सासमध्ये तीच शेपूट पुरावा म्हणून उभी राहते, आणि पुराव्याला उलटतपासणी आलीच. (जाता जाता : फेलिक्स झाल्टनचा १९२३ मधील ‘बाम्बी’ हा युरोपीय रो हरिण होता. १९४२ च्या डिस्नेपटात तो श्वेतपुच्छ झाला. ‘हरिण’ म्हणताच अमेरिकन प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे कोणती जात उभी राहते, याचे हे बोलके उदाहरण.)

संकरजाच्या बाबतीत मात्र शेपूट दगा देते. तिची वरची बाजू बहुधा गडद, काळपट, खालची पांढरी. गडद शेपटीचे श्वेतपुच्छही पुष्कळ असतात. कानांचेही तसेच. म्यूल हरणाचा कान डोक्याच्या लांबीच्या सुमारे तीन-चतुर्थांश, श्वेतपुच्छाचा सुमारे निम्मा, आणि संकरजाचा मधला. परंतु दोनशे मीटरवरून, झाडोऱ्याआड, संधिप्रकाशात ‘मधला’ म्हणजे काय?

ज्या खुणेकडे कोणी पाहत नाही

मागच्या पायाच्या मधल्या सांध्याखाली, बाहेरच्या अंगाला, केसांच्या झुबक्यात दडलेली एक ग्रंथी असते. तिला मेटाटार्सल ग्रंथी म्हणतात. म्यूल हरणात ती नळीच्या वरच्या भागात, सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांब आणि तपकिरी केसांनी वेढलेली. श्वेतपुच्छात ती नळीच्या मध्यावर वा त्याखाली, जेमतेम अडीच सेंटिमीटर आणि पांढऱ्या केसांनी वेढलेली. संकरजात तिची लांबी या दोहोंच्या दरम्यान, ढोबळमानाने ५ ते १० सेंटिमीटर. ही खूण नर-मादी दोघांत असते, वर्षभर असते, आणि आहाराने बदलत नाही. डोळ्यापुढची अश्रुखाचही अशीच उपयुक्त आहे. म्यूलमध्ये ती खोल, श्वेतपुच्छात उथळ, संकरजात मध्यम. क्लार्कने १८०४ मध्ये टिपलेली खाच ती हीच.

तरीही मार्गदर्शिकांत ग्रंथीला बहुधा शेवटची जागा मिळते. याचे एक समर्थन करता येईल : ती दुरून दिसत नाही. समर्थन खरे आहे, आणि तेथेच या लेखनप्रकाराची मूळ अडचण आहे. ज्या खुणा दुरून दिसतात त्या संशयास्पद, आणि जी खूण निर्णायक आहे ती जनावर पायाशी पडल्यावर दिसते. मार्गदर्शिका ‘आधी ओळखा, मग झाडा’ असे सांगते, पण संकरजाच्या बाबतीत ज्ञान गोळीनंतर येते. ही अडचण मान्य करणारे वाक्य तिने छापावयास हवे होते. त्याऐवजी ती दोन स्वच्छ चित्रे छापते आणि वाचकाच्या मनात खोटी खात्री निर्माण करते.

जिवंत प्राण्यात दुरून दिसणारी एकच खूण तुलनेने भरवशाची म्हणता येईल, ती चाल. घाबरलेले म्यूल हरिण चारही पाय एकदम उचलून उसळते व चारही पायांवर उतरते. यास स्टॉटिंग म्हणतात. श्वेतपुच्छ धाव घेते. सुझन लिंगल यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बंदिस्त संकरजांची चाल दोहोंच्या मधली आणि त्यांचे स्टॉटिंग बिघडलेले आढळले. चढावर अचानक दिशा बदलून शिकारी श्वापदाला चकविणे हा स्टॉटिंगचा उपयोग मानला, तर संकरजाकडे ना धड धाव ना धड उसळी. पण उसळणारे हरिण हे निघून जाणारे हरिण. तेव्हा ही खूणही शिकाऱ्याच्या कामी उशिराच येते.

संकरज : प्राणी की सबब?

व्हॅलेरियस गाइस्ट (१९३८–२०२१) यांच्या ‘म्यूल डियर कंट्री’ (१९९०) आणि ‘डियर ऑफ द वर्ल्ड’ (१९९८) या ग्रंथांनी या विषयाला तात्त्विक उंची दिली. म्यूल हरिण ही जातच मुळात काळपुच्छ आणि श्वेतपुच्छ यांच्या प्राचीन संकरातून, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी उद्भवली असावी, असे त्यांचे अनुमान होते. मायटोकाँड्रियल डीएनए पाहता म्यूल हरिण त्याच्याच जातीत गणल्या जाणाऱ्या काळपुच्छापेक्षा श्वेतपुच्छाला अधिक जवळचे आहे, हे निरीक्षण या अनुमानाला पोषक ठरले. याच धाग्याने पुढे जाऊन श्वेतपुच्छ नर म्यूल माद्यांशी संकर करून ती जात हळूहळू संपवतील, अशी भीती गाइस्ट यांनी व्यक्त केली. या ठिकाणी त्यांच्याशी सहमत होणे कठीण जाते. पश्चिम टेक्सासमधील पाच काउंट्यांत केलेल्या व १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संकरजांचे प्रमाण सरासरी ५.६ टक्के, स्थानपरत्वे ० ते २४ टक्के आढळले. स्थानिक पातळीवर हे लक्षणीय असले तरी विशाल सामायिक प्रदेशाचा विचार करता संकरज दुर्मीळच आहेत. त्यांची पिले कमी जगतात, नर बहुधा वंध्य असतात. त्यांच्याकडे उसळी नाही हे गाइस्ट यांनाही ठाऊक होते. जो प्राणी स्वतः टिकत नाही तो दुसऱ्या जातीला कसा गिळणार, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांच्या विवेचनात मिळत नाही. अधिवासातील बदल, शेती आणि हवामान ही कारणे कमी नाट्यमय आहेत, पण अधिक पटणारी आहेत.

या दुर्मिळतेचा दुसरा परिणाम असा की ‘संकरज’ हा शब्द शिकाऱ्याच्या बोलीत सबब होऊन बसला. शिंगे विचित्र दिसली, म्हण संकरज. शेपूट काळपट निघाली, म्हण संकरज. वस्तुतः अशी बहुतेक जनावरे शुद्ध श्वेतपुच्छ वा शुद्ध म्यूल असतात. फक्त ती चित्रातल्यासारखी नसतात. चित्राने आदर्श घडविला, आणि आदर्शात न बसणाऱ्या प्रत्येक जनावराला मिश्र रक्ताचे ठरविले. मानवी समाजाच्या वर्गीकरणाचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. अंतिम निर्णय आज डीएनए चाचणीच देऊ शकते. त्याआधी रक्तातील अल्ब्युमिन प्रथिनाच्या तपासणीवर भिस्त होती. दोन्ही प्रयोगशाळेतल्या गोष्टी.

मराठी भाषेच्या अंगाने एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आपल्या नित्याच्या बोलण्यात काळवीटही हरिण आणि चितळही हरिण; एकाची शिंगे जन्मभराची, दुसऱ्याची दरवर्षी गळणारी, पण दोघांनाही आपण शिंगेच म्हणतो. त्यामुळे अमेरिकन शिकार-साहित्याच्या अनुवादकाने शिंगांचे वर्णन करताना ती गळणारी आहेत हे एकदा तरी सांगून टाकावे. नाहीतर शिंगे ही ओळखीची खूण म्हणून दुबळी का, हे मराठी वाचकाला उमगणारच नाही.

काही राज्यांत मारलेल्या हरणाच्या जातीचा पुरावा म्हणून डोके किंवा शेपूट धडाला तशीच ठेवावी लागते. मागच्या पायांच्या नळ्या मात्र जनावर जागेवर सोलताना बहुधा प्रथम कापून टाकल्या जातात, आणि ग्रंथी त्यांच्याबरोबर रानातच राहते.