पान कोणी लावलं?

‘पान लावणे’ हा शब्दप्रयोग मराठीत दोन धंद्यांत चालतो, पानपट्टीवर आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत. पानपट्टीवाल्याला गिऱ्हाईक नावानं ओळखतं, त्याच्या हातचा कात-चुना हा गावच्या गप्पांचा विषय असतो. वर्तमानपत्राचं पान लावणाऱ्याला मात्र त्याच्या शेजारी राहणारा वाचकही ओळखत नाही. बातमी कोणाची ते मथळ्याखाली असतं, छायाचित्र कोणाचं ते बारीक अक्षरात का होईना, असतं. पण आठ स्तंभांत कोणती बातमी कुठे बसवायची, मथळा किती ओळींचा करायचा, फोटो कुठून कापायचा आणि पांढरी जागा कुठे मोकळी सोडायची, हे रात्री अकरा वाजता ठरवणारा माणूस निनावीच राहतो.

अमेरिकेतही पन्नास वर्षांपूर्वी चित्र फारसं वेगळं नव्हतं. पान घडे ते कंपोझिंग खात्यात, शिशाच्या ओळींचं. संपादकीय खात्याकडून फार तर पेन्सिलीनं काढलेला डमी यायचा. मजकूर चौकटीत मावला नाही की शेवटचा परिच्छेद उडायचा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं शिशावर जुळवलेला आपला शेवटचा अंक जुलै १९७८ मध्ये छापला. इतरत्रही शिसं जात होतंच. फोटोटाइपसेटिंग आलं, ब्रोमाइडच्या पट्ट्या कापून चिकटवण्याचे दिवस आले, आणि पानाचा निर्णय संपादकीय खात्याच्या टेबलावर येऊन पडला. तो घेणारा माणूस पत्रकार की चित्रकार? पत्रकार त्याला रंगारी समजत आणि चित्रकार त्याला कारकून.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, अशा अधांतरी माणसांनी आपली संस्था काढली, ‘सोसायटी ऑफ न्यूजपेपर डिझाइन’. रॉबर्ट लॉकवूड, रॉजर फिडलर, रिचर्ड कर्टिस ही तिच्या संस्थापकांतली नावं. त्याआधी या विद्येला ग्रंथ नव्हते असं नाही. एडमंड अर्नोल्डचं पुस्तक १९५६ चं, हॅरल्ड इव्हान्सचं १९७३ चं. लुई सिल्व्हरस्टीननं १९७६ मध्ये ‘टाइम्स’चे आठ स्तंभ सहावर आणून दाखवले होते. विद्या होती. ती जाणणाऱ्यांची बिरादरी नव्हती, आणि संस्थेनं ती उभी केली.

या संस्थेचं सगळ्यात मोठं काम म्हणजे तिची वार्षिक स्पर्धा. वर्षानुवर्षं ती न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात भरत असे. लांबच लांब टेबलांवर जगभरातून आलेली पानं अंथरलेली, प्रत्येक पानाशी परीक्षकांचे कप ठेवलेले, आणि पान पसंत पडलं की आपल्या कपात चकती टाकून पुढे जायचं. निकालाचं जाडजूड वार्षिक पुस्तक निघे. त्यात प्रत्येक पानाखाली ते लावणाऱ्याचं नाव छापलेलं असे. माझ्या लेखी संस्थेचं ऐतिहासिक कार्य हेच: सुवर्ण, रौप्य नव्हे, ते बारीक अक्षरातलं नाव. ओहायोतल्या किंवा ओमानमधल्या एखाद्या दैनिकात रात्रपाळी करणाऱ्या माणसाला आपलं नाव छापून आलेलं पाहायला मिळे, आणि त्या पुस्तकाच्या जोरावर पुढची नोकरीही.

पण स्पर्धेनं जितकं दिलं तितकंच बिघडवलंही. बक्षिसाचं पान आणि रोजचं पान यांची फारकत झाली. महापालिकेची सभा, अपघात, बाजारभाव आणि मध्येच आलेली पाव पान जाहिरात यांना एका पानात गुण्यागोविंदानं नांदवणं ही या कलेची खरी परीक्षा. बक्षिसं मात्र बहुधा रविवारच्या पुरवणीला, एका प्रचंड चित्राला, एखाद्या चलाख मथळ्याला जात. ‘यूएसए टुडे’ १९८२ मध्ये निघाला, त्याचं रंगीत हवामानाचं पान गाजलं, आणि पाहता पाहता अमेरिकेतल्या गावोगावच्या दैनिकांनी तसा नकाशा छापायला सुरुवात केली. वार्षिक पुस्तकाचंही तेच झालं. नमुना म्हणून निघालेलं पुस्तक कित्त्यासारखं गिरवलं गेलं. विद्यार्थी कित्ता गिरवतात त्याला इलाज नाही. गुरुजींनीही गिरवावा, याला काय म्हणायचं?

संस्थेच्या कारभाराचीही एक गोम होती. अध्यक्षपद बहुतेक काळ वर्षभराचं. पदाधिकारी एकेक पायरी चढत यायचे: आधी सचिव-खजिनदार, मग उपाध्यक्ष, मग अध्यक्ष. हे सगळं बिनपगारी, स्वतःची नोकरी सांभाळून. या शिडीनं दोन गोष्टी नक्की साधल्या. एकाच माणसानं संस्था बगलेत मारली, असं झालं नाही, आणि पुरुषी, अमेरिकी वर्तुळाबाहेरची माणसं वर येऊ शकली. माँट्रियलच्या लुसी लाकाव्हा, अॅक्रनच्या दैनिकातून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकवायला गेलेल्या सुझन मँगो कर्टिस, टोरांटोच्या ‘नॅशनल पोस्ट’च्या गेल ग्रिन, दुबईच्या ‘गल्फ न्यूज’मधले डग्लस ओकासाकी ही सगळी अध्यक्षांची नावं. नुसती यादी पाहिली तर नूतनीकरण अखंड चाललं होतं असंच वाटेल.

तसं ते नव्हतं. वर्षभराच्या अध्यक्षाला फार तर एक अधिवेशन आणि एक स्पर्धा पार पाडता येते. घराचा पाया खचतोय हे लक्षात येईपर्यंत किल्ल्या पुढच्याच्या हातात द्यायची वेळ येते. आपल्याकडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांचं वर्ष ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नावं बदलत गेली, उत्पन्नाचे झरे मात्र तेच राहिले: स्पर्धेचं प्रवेशशुल्क, सभासदांची वर्गणी, वार्षिक कार्यशाळेची फी. यातला बराचसा पैसा सभासदाच्या खिशातून येत नव्हता, त्याच्या दैनिकाच्या तिजोरीतून येत होता. दैनिक सुखात होतं तोवर संस्था सुखात होती.

खरा बदल झाला तो १९९७ मध्ये, आणि तोही दोन शब्दांचा. ‘ऑफ न्यूजपेपर डिझाइन’चं ‘फॉर न्यूज डिझाइन’ झालं. कागद नावातून गेला, बातमी राहिली. त्या वेळी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं जेमतेम रांगत होती, म्हणजे हा शहाणपणा वेळेवर सुचला होता. गंमत अशी की संस्थापकांपैकी फिडलर त्याच्याही पुढे होते. १९९४ मध्ये नाइट-रिडर कंपनीच्या कोलोराडोतल्या प्रयोगशाळेत त्यांनी पाटीएवढ्या पडद्यावर वाचायच्या वर्तमानपत्राची कल्पना चित्रफितीतून दाखवली होती, आयपॅड यायच्या सोळा वर्षं आधी. संस्थेनं नाव बदललं, पण मन बरीच वर्षं कागदावरच अडकून राहिलं. डिजिटल कामाची स्पर्धा सुरू झाली, तरी मान होता तो टेबलावर अंथरलेल्या पानाला.

मग दैनिकांचं घरच बसलं. प्यू संशोधन केंद्राच्या हिशेबानं अमेरिकी वृत्तपत्रांच्या संपादकीय खात्यांत २००८ मध्ये सुमारे ७१ हजार माणसं होती, २०२० मध्ये ती सुमारे ३१ हजार उरली. पान लावणाऱ्यांवर कुऱ्हाड आधी आणि वेगळ्या तऱ्हेनं पडली. गॅनेट कंपनीनं २०१० मध्ये आपल्या ऐंशीच्या आसपास दैनिकांची पानं पाच केंद्रांत लावायचं ठरवलं. गेटहाउसनं टेक्सासमधल्या ऑस्टिनला असंच केंद्र काढलं. २०१९ मध्ये या दोन कंपन्याच एक झाल्या. शेकडो मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या गावाचं पान साच्यात बसवायचं, तेही एका पाळीत एकाहून अधिक गावांचं. मोटारीच्या कारखान्यात नट आवळणाऱ्याला गाडीखाली सही करायला मिळत नाही. इथेही तेच. संस्थेनं तीस वर्षं खपून मिळवून दिलेलं नाव या केंद्रांनी पाच-सात वर्षांत पुसलं, आणि त्याबरोबर वर्गणी भरणारा मालकही गेला.

शेजारच्या संस्थांचं काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकी संपादकांच्या दोन जुन्या संघटनांनी २०१९ मध्ये एकत्र येऊन नवी संघटना काढली. नवं नाव, नवी घटना, सगळं रीतसर. २०२४ मध्ये तिनं आपलं विसर्जन करून घेतलं. या संस्थेवर ती वेळ आली नाही, याचं श्रेय एखाद्या अध्यक्षाला द्यावं असं मला वाटत नाही. श्रेय असलंच तर सभासद कोणाला म्हणायचं याची व्याख्या हळूहळू, बऱ्याचशा नाइलाजानं, रुंद होत गेली याला आहे. मॅट मॅन्सफिल्ड यांचं उदाहरण घ्या. सॅन होजेच्या ‘मर्क्युरी न्यूज’मध्ये कारकीर्द घडवून ते विद्यापीठात शिकवायला गेले, आणि संस्थेचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं ते मंदीच्या काळात. म्हणजे अध्यक्ष झाला तो रोजचा अंक काढणारा राहिला नव्हता. त्या वर्षी, २००९ मध्ये, कार्यशाळा भरली ब्वेनोस आयरेसला. पुढे आलेख काढणारे, आकडेवारीतून गोष्ट सांगणारे, प्रोग्रॅमिंग जाणणारे, प्राध्यापक असे लोक येत गेले. ज्यांना पूर्वी दारात ‘तुम्ही कोणत्या दैनिकाचे?’ असं विचारलं असतं, तेच आता घर चालवू लागले. नूतनीकरण म्हणायचं तर ते हे.

कलेचं मात्र काय? दोन नमुने पाहा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं डिसेंबर २०१२ मध्ये ‘स्नो फॉल’ प्रसिद्ध केलं. वॉशिंग्टन राज्यातल्या एका हिमस्खलनाची ही दीर्घकथा. वाचक खाली सरकेल तसा डोंगर फिरतो, बर्फ उडतो. त्यामागे मोठा चमू होता. १९८२ च्या हवामानाच्या नकाशाचं जे झालं तेच याचं झालं. पुढची काही वर्षं जो तो आपापला डोंगर फिरवू लागला. पुढच्या वर्षी या कामाला पुलित्झर मिळालं, तेव्हा ते लेखक जॉन ब्रँच यांना मिळालं. परीक्षकांनी दृश्य अंगाचं कौतुक केलं, पण पुलित्झरमध्ये पानाच्या रचनेसाठी पारितोषिकच नाही.

दुसरा नमुना २४ मे २०२० चा. करोनाच्या अमेरिकेतल्या बळींचा आकडा एक लाखाच्या घरात गेला होता. ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावर त्या दिवशी एकही छायाचित्र नव्हतं, आलेख नव्हता, नेहमीची बातमी नव्हती. वरपासून खालपर्यंत नावं, वय, गाव आणि प्रत्येकाबद्दल अर्धी ओळ, आतल्या पानांसकट हजार नावं. शंभर वर्षांपूर्वीचा जुळारीसुद्धा हे पान लावू शकला असता. कसब कशात, तर काय लावायचं नाही हे ठरवण्यात. गेल्या काही दशकांतलं सर्वांत मोठं पान मला हेच वाटतं, आणि ते स्पर्धेच्या पुस्तकातून शिकता येण्यासारखं नाही.

आपल्याकडे या चळवळीचे पडसाद इंग्रजी दैनिकांतून उमटले. मारियो गार्सिया या क्युबात जन्मलेल्या अमेरिकी रचनाकारानं २००५ मध्ये ‘द हिंदू’चं रूप बदललं, २००७ मध्ये निघालेल्या ‘मिंट’ची घडण त्यानंच केली. मराठीपर्यंत पाझरलं ते बहुतेक रंग, चौकटी आणि कापून घेतलेले फोटो. आपला प्रश्न मुळात वेगळा आहे. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार लागतात. इंग्रजीतलं ओळींमधलं दाट मोजमाप इथे जसंच्या तसं वापरलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या अनुस्वारावर आदळतो. मथळा दोन ओळींचा झाला की हे हमखास दिसतं. र. कृ. जोशींनी संगणकावरच्या देवनागरीसाठी आयुष्य वेचलं, मुंबईच्या ‘एक टाइप’च्या मंडळींनी ‘मुक्ता’सारखा वाचनीय टाइप सर्वांना मोफत खुला केला. पण अक्षर घडवणारे आणि पान लावणारे यांची एका टेबलावर गाठ घालून देणारं आपल्याकडे कोणी नाही. अमेरिकी संस्थेनं नव्या दमानं काही करायचं असेल, तर इंग्रजीबाहेरच्या लिप्यांच्या रोजच्या पानाकडे, आणि फोनवरच्या पानाकडेही, पाहावं. रविवारच्या चित्रांना आता पुरेशी पदकं मिळाली आहेत.

दिवाळी अंक उघडला की अनुक्रमणिकेच्या पानावर मुखपृष्ठ, सजावट, मांडणी, अक्षरजुळणी करणाऱ्यांची नावं बहुधा सापडतात. उद्याच्या दैनिकाचं मात्र शेवटचं पान उलटून तळची ती मुंगीच्या पावलांची ओळ वाचून पाहा. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छापखान्याचा पत्ता. यातली मुद्रक-प्रकाशकांची नावं १८६७ च्या कायद्यापासून छापली जात आहेत. पान लावणाऱ्याचं नाव त्या ओळीत नाही.