डार्क मोड, ४७ टक्के आणि खोपटचा एसटी स्टँड

खोपटच्या एसटी स्टँडवर बसची वाट बघताना फोन १५ टक्क्यांवर आला की आपण काय करतो? ब्राइटनेस कमी, लोकेशन बंद, डार्क मोड चालू. मीही एकदा हे तिन्ही एकदम केलं. फोन रात्रीपर्यंत टिकला आणि मी मित्राला छातीठोकपणे सांगितलं, ‘डार्क मोडची कमाल!’ तो म्हणाला, ‘तिन्हीतलं कशामुळे, हे तुला कसं कळलं?’ मी गप्प. पीएचडीच्या मुलाखतीत हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, म्हणून आज एक शोधनिबंध नीट वाचू.

२०२१ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या प्रणब दाश आणि चार्ली हू यांनी डार्क मोडने नेमकी किती वीज वाचते, हे मोजलं. चार ओएलईडी फोन, गूगलची सहा अ‍ॅप्स. ब्राइटनेस १०० टक्के असताना सरासरी ३९ ते ४७ टक्के बचत झाली. बातम्यांना हाच आकडा आवडतो. पण त्याच निबंधात पुढे आहे: ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असेल, तर बचत फक्त ३ ते ९ टक्के. घरात, ऑफिसात आपला फोन बहुतेक वेळ याच पट्ट्यात असतो.

इथे लेखकांचं कौतुक करायला हवं. त्यांनी ब्राइटनेस हा वेगळा घटक धरला, मी सगळी खिचडी केली होती.

आता निबंधाच्या मर्यादा बघा. पहिली, ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, म्हणून काळा भाग वीज वाचवतो. एलसीडीत मागचा दिवा चालूच राहतो, तिथे हा निष्कर्ष लागू होत नाही. आपल्याकडच्या अनेक स्वस्त फोनना एलसीडीच असतो. दुसरी, १०० टक्के ब्राइटनेस आपण कधी लावतो? भर दुपारच्या उन्हात. आणि उन्हात काळ्या पडद्यावरची अक्षरं मला तरी धड दिसत नाहीत. म्हणजे बचत सर्वात जास्त जिथे, तिथेच डार्क मोड वापरणं अवघड. तिसरी, ही बचत पडदा चालू असतानाची आहे. खिशातल्या फोनला त्याचा काही उपयोग नाही.

थोडं गणित करू. पडदा सलग चालू ठेवून फोन १० तास चालतो असं धरा. वीज ३ टक्के कमी लागली तर साधारण १९ मिनिटं वाढतात, ९ टक्के कमी लागली तर जवळपास एक तास. रोजच्या वापरात नेटवर्क, कॉल, व्हिडिओ यांनीच यापेक्षा जास्त फरक पडू शकतो. शिवाय कोपऱ्यातला टक्केवारीचा आकडा हा फोनने बांधलेला अंदाज असतो. त्यामुळे ‘मला फरक जाणवला’ हा पुरावा होत नाही.

मग डार्क मोड वापरायचा नाही का? खुशाल वापरा. पण फोन वाचवायचा असेल तर आधी ब्राइटनेस उतरवा. आणि संशोधन करायचं असेल तर एका वेळी एकच सेटिंग बदला, बाकीच्या तशाच ठेवा, मोजणी पुन्हा पुन्हा करा. पुढच्या वेळी ‘४७ टक्के’ वाचलंत की तीन प्रश्न विचारा: कशाचे टक्के, कोणत्या परिस्थितीत, आणि माझी परिस्थिती तीच आहे का?