उत्तर पूर्ण की अर्धवट? व्ह्यूवरचा हॅलेवींचा सर्व्हे वाचताना

पेटची तयारी करताना डेटाबेसमधला विषय घ्यायचा विचार करत असाल, तर एक पेपर तुमच्यापर्यंत येणारच: अलोन हॅलेवी यांचा ‘आन्सरिंग क्वेरीज युझिंग व्ह्यूज : अ सर्व्हे’, व्हीएलडीबी जर्नल, 2001. (जुन्या पेपरांवर अलोन लेव्ही असं नाव दिसेल. माणूस एकच, शोधताना दोन्ही नावं टाका.) पेपर वाचाच. पण तो कुठे कमी पडतो हेही माहीत असू द्या, कारण तुमचा विषय कदाचित तिथेच सापडेल.

प्रश्न साधा आहे. मूळ टेबलांना हात न लावता, आधीच काढून ठेवलेल्या व्ह्यूंवरून क्वेरीचं उत्तर देता येईल का? हा प्रश्न दोन ठिकाणी पडतो. क्वेरी ऑप्टिमायझरला तो वेग वाढवण्यासाठी पडतो. तिथे नवीन क्वेरीचं उत्तर मूळ क्वेरीइतकंच, तंतोतंत यायला हवं. डेटा इंटिग्रेशनमध्ये मूळ टेबलं आपल्याकडे नसतातच, वेगवेगळ्या ठिकाणचे व्ह्यू तेवढे असतात. तिथे चुकीचं काही न देता जास्तीत जास्त जेवढं मिळेल तेवढ्यावर भागवायचं. या दोन वेगळ्या वाटणाऱ्या कामांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे हे हॅलेवींनी इतकं स्वच्छ मांडलंय, की आधीचे विखुरलेले पेपर एका ओळीत बसतात. ही त्या सर्व्हेची खरी कमाई.

माझी तक्रारही इथूनच सुरू होते. आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. समजा खामगाव, चिखली आणि मेहकर या बाजार समित्यांच्या सोयाबीन आवकेचे तीन व्ह्यू आहेत आणि आज मेहकरचा आलाच नाही. ‘4500 च्या वर भाव कुठे कुठे मिळाला?’ या क्वेरीची यादी छोटी येईल, पण यादीतली प्रत्येक ओळ खरी असेल. आता विचारा, ‘तिन्ही ठिकाणी मिळून आवक किती?’ आकडा येईल आणि तो सरळ चुकीचा असेल. काटेकोर व्याख्येनं बघितलं तर हे ‘कंटेन्ड’ उत्तरच नाही, कारण खऱ्या उत्तरात तो आकडा कुठेच नाही. पण स्क्रीनवर बघणाऱ्याला हे कोण सांगणार? अर्धी यादी निदान अर्धी दिसू शकते, अर्धी बेरीज मात्र पूर्णच दिसते. हा धोका सर्व्हेत मला पुरेसा ठळक वाटत नाही.

सरासरीचंही तसंच. समजा एका ठिकाणी 900 क्विंटल 4000 भावानं गेलं आणि दुसरीकडे 100 क्विंटल 4500 नं. व्ह्यूमध्ये फक्त सरासरी भाव ठेवलात, तर त्यावरून येणार 4250. खरा उत्तराचा आकडा 4050. एकूण रक्कम आणि एकूण क्विंटल असे दोन कॉलम ठेवले असते तर तो निघाला असता. आता वरून कितीही हुशार अल्गोरिदम लावा, गेलेली माहिती परत येत नाही. सर्व्हेत ग्रुपिंग आणि ॲग्रिगेशन येतं, नाही असं नाही. पण भर सगळा कंजंक्टिव्ह क्वेरींवर आहे, आणि प्रत्यक्ष रिपोर्ट बहुतेक बेरजांचे असतात.

‘एनपी-कम्प्लीट’ शब्द बघून मात्र घाबरू नका. लेव्ही, मेंडेलझोन, सागिव आणि श्रीवास्तव यांचा 1995 चा तो निकाल क्वेरी आणि व्ह्यूंच्या आकाराबद्दल आहे, टेबलातल्या ओळींच्या संख्येबद्दल नाही. टेबलात दहा लाख ओळी असल्या तरी चार टेबलांची क्वेरी ती चार टेबलांचीच राहते. गाडी अडते ती व्ह्यूंची संख्या वाढली की. पॉटिंगर आणि लेव्ही यांचा मिनिकॉन अल्गोरिदम (2000) तिथेच उपयोगी पडतो. एखादा व्ह्यू क्वेरीच्या एका भागाला लागू पडतोय म्हणून तो नुसता टोपलीत टाकायचा नाही. जॉइनचे व्हेरिएबल बघून तो आणखी कोणते भाग सोबत घेऊनच यायला हवा हे आधी ठरवायचं. जुळवाजुळव करताना वाया जाणारी बरीच मेहनत यानं वाचते. पण त्यातले प्रयोग वाचताना एक लक्षात ठेवा: तिथे मोजलेला वेळ हा मुख्यतः नवीन क्वेरी शोधायला लागलेला वेळ आहे. ती क्वेरी चालवायला किती लागेल, हा निराळा हिशोब.

हा दुसरा हिशोब समजून घ्यायचा तर त्याच वर्षाचा, 2001 च्या सिगमॉडमधला आयआयटी मुंबईचा पेपर शेजारी ठेवा. लेखक मिस्त्री, रॉय, सुदर्शन आणि रामामृतम. सुदर्शन म्हणजे सिल्बरशात्झ-कॉर्थ-सुदर्शन या पाठ्यपुस्तकातलेच. व्ह्यू साठवणं फुकट नाही, मूळ टेबल बदललं की तोही बदलावा लागतो, हे धरूनच हा पेपर सुरू होतो. अनेक व्ह्यू ताजे ठेवताना त्यांच्यातलं सामाईक गणित एकदाच करायचं, आणि त्यासाठी गरज पडल्यास आणखी काही व्ह्यू तात्पुरते किंवा कायमचे साठवायचे. वाचायला हा सर्व्हेपेक्षा जड आहे. पण मला विचाराल तर विषय निवडण्याआधी हाच पुरा करा.

आणि हात घालून बघायचं असेल तर एक सूचना. पोस्टग्रेसमध्ये मटेरिअलाइझ्ड व्ह्यू 2013 च्या 9.3 आवृत्तीपासून आहेत, पण मूळ टेबलावर लिहिलेली क्वेरी तो आपणहून व्ह्यूकडे वळवत नाही. ओरॅकल 8आय पासून ते करतं. त्यामुळे पोस्टग्रेसवर एक्सप्लेन चालवून व्ह्यूचं नाव दिसत नाही म्हणून क्वेरीत चूक शोधत बसू नका. तिथे क्वेरी बदलून लिहिणारे तुम्हीच, आणि रिफ्रेश करणारेही तुम्हीच.