व्यवसाय-तंत्रज्ञान आणि ‘सांस्कृतिक भिन्नता’ : एम-पेसाच्या अनुभवाची चिकित्सा

प्रस्तावना :
देशोदेशींच्या व्यवसायांच्या तंत्रज्ञानविषयक गरजा भिन्न असतात, हे विधान सर्वमान्य आहे. मात्र या भिन्नतेची कारणमीमांसा करताना व्यवस्थापनशास्त्रात बहुधा ‘संस्कृती’ या एकाच संकल्पनेचा आधार घेतला जातो. गीर्त हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणावरून १९८० मध्ये राष्ट्रीय संस्कृतीची परिमाणे मांडली. एकाच कंपनीतील नोकरदारांवरून संपूर्ण राष्ट्राची मनोवृत्ती ठरविता येते काय, असा आक्षेप ब्रेंडन मॅक्स्वीनी यांनी २००२ मध्ये घेतला. एम-पेसा या सेवेचा इतिहास त्यापुढील प्रश्न उपस्थित करतो : गरज समान असूनही साधन भिन्न का ठरते?

केनियातील यश :
२००५ मध्ये केनियात या सेवेची चाचणी झाली, ती सूक्ष्मकर्जाच्या परतफेडीसाठी. लोकांनी मात्र तिचा उपयोग परस्परांना पैसे पाठविण्यासाठी केला. ही गरज ओळखून २००७ मध्ये सफारीकॉम कंपनीने सेवा सुरू केली. शहरात राबणारा माणूस गावाकडील कुटुंबाला मोबाईलवरून पैसे पाठवू लागला आणि गावातील छोटा दुकानदार ती रक्कम रोखीने देऊ लागला. कंपनीचे बाजारपेठेतील वर्चस्व, बँकांचा मर्यादित विस्तार आणि मध्यवर्ती बँकेची अनुकूल भूमिका या बाबी त्यामागे होत्या.

अन्यत्र मर्यादा :
शेजारच्या टांझानियातही स्वाहिली बोलली जाते. तरीही २००८ मध्ये तेथे सुरू झालेल्या या सेवेची प्रारंभीची वाढ मंद होती. दक्षिण आफ्रिकेत बँकखाती केनियापेक्षा अधिक प्रमाणात होती. तेथे २०१० मध्ये सुरू झालेली सेवा २०१६ मध्ये बंद पडली. भारतातील उदाहरण अधिक बोलके आहे. मुंबईच्या गिरणी कामगाराने कोकणातील घरी धाडलेली मनिऑर्डर आणि नैरोबीतून गावी गेलेले पैसे यांमागील गरज एकच होय. तरीही भारतात २०१३ मध्ये आलेली एम-पेसा सेवा २०१९ मध्ये संपुष्टात आली. येथील नियमांमुळे तिला बँकेशी सहकार्य करावे लागले. पुढे जनधन खात्यांचा प्रसार झाला आणि २०१६ पासून यूपीआयमुळे एका बँकखात्यातून दुसऱ्या खात्यात थेट पैसे पाठविण्याची सोय उपलब्ध झाली.

निष्कर्ष :
संस्कृतीचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. ओळखीच्या दुकानदारावरील विश्वास हाही सांस्कृतिकच म्हणावा लागेल. तथापि कायदा, बँकव्यवस्था आणि बाजारपेठेची रचना यांचा विचार न करता अपयशाचे खापर लोकांच्या स्वभावावर फोडणे अशास्त्रीय ठरते. असे केल्यास धोरणातील दोष झाकले जातात आणि सामान्य माणूस अकारण ‘मागासलेला’ ठरतो. म्हणूनच तंत्रज्ञान स्वीकारण्यापूर्वी लोक आपली गरज आजवर कोणत्या मार्गाने भागवीत आले आहेत, याचा अभ्यास होणे अगत्याचे आहे.