मुक्त प्रमाणे आणि जोडणीचे बंधन

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील पावणे येथील एका कारखान्यात घडलेला मेट्रिक आट्यांचा बोल्ट त्याच मापाच्या, अन्यत्र घडलेल्या नटात बिनतक्रार बसतो; त्यासाठी कोणा मालकाची अनुज्ञा लागत नाही. प्रमाणाचे सामर्थ्य ते हेच. इंटरनेटवरील ध्वनी व चित्र संभाषणात मात्र प्रमाणे मुबलक असूनही व्हॉट्सॲपवरील व्यक्ती झूमवरील व्यक्तीस हाक मारू शकत नाही. असे का व्हावे?

प्रचलित उत्तर असे की, मुक्त प्रमाणे स्वीकारली म्हणजे कंपन्यांची मक्तेदारी आपोआप ढासळेल. हे मत आकर्षक असले तरी अपुरे आहे. गूगलने २००५ साली आपली ‘टॉक’ सेवा एक्सएमपीपी या मुक्त संकेतावर उभारली. २०१३ मध्ये ‘हँगआउट्स’ आणताना तो मार्ग सोडला. स्काइपचे ध्वनिसंकोचनाचे तंत्र २०१२ च्या ‘ओपस’ या मुक्त प्रमाणात सामावले गेले आणि आजही जिवंत आहे. परंतु स्काइपची सेवा ५ मे २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टच्या निर्णयाने बंद झाली. तंत्र मुक्त झाले, ग्राहकांचे जाळे मालकाच्याच स्वाधीन राहिले.

याहून बोलका दाखला पावण्याजवळच्या घणसोलीचा आहे. तेथे विस्तीर्ण संकुल असलेल्या रिलायन्स जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली. तिचे कॉल एसआयपी या मुक्त संकेतावरच चालतात. तरीही अन्य कंपन्यांच्या ग्राहकांना केलेले असंख्य कॉल प्रारंभी लागेनात, कारण दोन जाळ्यांमधील जोडणीच अपुरी होती. प्रतिस्पर्ध्यांनी विनामूल्य कॉलच्या लोंढ्याकडे बोट दाखविले. अखेर परवान्यातील जोडणीच्या अटीवर बोट ठेवून ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०१६ मध्ये एअरटेल, व्होडाफोन व आयडिया यांना एकूण ३,०५० कोटी रुपये दंड करण्याची शिफारस केली. वादाचा निवाडा करावयास संकेत पुरला नाही, परवान्याची अट लागली.

इंटरनेटवरील संभाषणसेवांवर भारतात अशी अट नाही. युरोपीय संघाने डिजिटल बाजार अधिनियमाद्वारे ती घातली असून व्हॉट्सॲपला, अन्य सेवांनी मागणी केल्यास, दोन व्यक्तींमधील कॉलही २०२७ पर्यंत खुले करावे लागतील. परस्परजोडणीने गुप्तता दुबळी होईल आणि उपद्रवी कॉल वाढतील, हा आक्षेप निराधार नव्हे. संभाषणाची किल्ली दोन्ही टोकांनाच ठेवणे दोन भिन्न सेवांमध्ये अधिक कठीण आहे. तथापि या आक्षेपातून जोडणीच्या अटी काटेकोर असाव्यात एवढेच निष्पन्न होते. जोडणीच नसावी, असे नव्हे.

तात्पर्य, मुक्त प्रमाण हे संभाषणस्वातंत्र्याचे आवश्यक अंग असले तरी पुरेसे नव्हे. प्रमाणाची चर्चा करणाऱ्या अभ्यासकांनी जोडणी नाकारण्याचा अधिकार कोणाकडे उरतो, याची तपासणी प्रथम केली पाहिजे.